गुरुवारची स्टिक

सर, एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला सध्याच्या जिवंत माणसांपैकी कोणी मोकळं नाही, म्हणून तुमच्याकडे आलो. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका दुकानातल्या पोराने फोनवर माझा जाहीर अपमान केला. जाहीर एवढ्यासाठी की फोन स्पीकरवर होता आणि माझ्या छापखान्यात दोघेजण लग्नपत्रिकेवरचा गणपती निवडत बसले होते. मी त्या पोराला इतकंच म्हणालो होतो की मला बिलियर्डच्या स्टिकसाठी कार्बनची शाफ्ट पाहिजे, म्हणजे पुढचा अर्धा भाग. मागचा दांडा माझ्याकडे आहे. साधी मागणी. आपण वांगी मागितली तर भाजीवाला विचारत नाही की तुम्ही भरीत करणार की भाजी, आणि करणार तर कोणत्या वृत्तीने. या पोराने विचारलं, "सर, आपका प्लेइंग स्टाइल क्या है?" मी फोन उलटसुलट करून पाहिला. त्याला वाटलं लाइन कटली. "मतलब साइड ज्यादा मारते हो के सेंटर? हिट सॉफ्ट है के हार्ड?" आता सांगा, वाशीमसारख्या गावात पन्नाशी ओलांडेपर्यंत कोणी कोणाला शैली विचारतं का? आडनाव विचारतात, शेती किती विचारतात, आता आता शुगर किती विचारतात. मी दर आठवड्याला पेपरात सदर लिहितो, त्यात पुढाऱ्यांच्या भाषणाच्या शैलीपासून नगरपालिकेच्या खड्डे बुजवण्याच्या शैलीपर्यंत सगळ्यांची टिंगल करतो, आणि माझी स्वतःची विचारल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. "सोचके बताता हूँ," म्हणालो आणि फोन ठेवला. गणपती निवडणाऱ्यांपैकी एकजण मान वर न करता म्हणाला, "भाऊ, काडी घ्यायले बी इचार करा लागते काय?"

तुम्हाला हे सगळं नवीन आहे, म्हणून सांगतो. तुमच्या वेळी स्टिक लाकडाची असायची आणि लाकूड जसं येईल तसं आपण घ्यायचं. आता ही काळी काडी आली आहे. आतून पोकळ, वरून काचेसारखी गुळगुळीत. पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात वाकत नाही, ओल्या फडक्याने पुसली की नवी. तिचं खरं कौतुक वेगळंच आहे. तुम्हीच शिकवलं होतं की पांढऱ्या बॉलला मध्यापासून बाजूला मारलं, म्हणजे साइड दिली, की तो त्या बाजूच्या उलट अंगाला थोडा सरकतो. म्हणून जिथं लागायला हवं तिथं नेम न धरता जरासा शेजारी धरायचा. लाकडावर शिकलेल्या माणसाच्या हातात हे शेजारी बघणं मुरलेलं असतं. कार्बनमध्ये ते सरकणं फार कमी. त्यातही प्रकार आहेत. सतत साइड मारणाऱ्याने बारीक टोकाची घ्यावी, कारण तिने बॉल जास्त फिरतो, पण हात जरा चुकला तर ती माफ करत नाही. मधोमध मारणाऱ्याने जाड टोकाची घ्यावी. जोरात ठोकणाऱ्याला कडक बरी, हळू ढकलणाऱ्याला थोडी लवणारी, नाहीतर बॉल लागल्याचं हाताला कळतच नाही. आणि सगळ्यात आधी मागच्या दांड्याच्या पेचाचे आटे जुळले पाहिजेत. पेच मी मोजून घेतला. बाकी सगळं येऊन थांबलं त्या एका प्रश्नावर, आणि त्याचं उत्तर ठाऊक असलेला माणूस म्हणजे तुम्ही. माझी शैली, जी काही असेल ती, तुमच्या ओरडण्यातून तयार झाली आहे.

तुमच्या लाकडी स्टिकची पुढची अर्धी काडी मी आधी वर्गात पाहिली होती. अकरावीचा वर्ग, खिडकीशी शेवटून दुसरा बाक. तुम्ही फळ्याशी उभे आहात, हातात ती हातभर लांबीची, पिवळसर, निमुळती छडी. एका टोकाला बूच बसवलेलं, दुसऱ्या टोकाला पांढरी कडी आणि तिच्यावर चामड्याची टिकली. आमच्यात असा समज होता की ती तुम्हाला कोण्या मोठ्या साहेबाने दिली. तिने तुम्ही कधी कोणाला मारलं नाही. मारायला तुमच्याकडे डस्टर होतं. छडीने तुम्ही त्रिकोणाचा कोपरा दाखवायचात, आणि छडी उचलली की काळ्या फळ्यावर तिथं एक निळा ठिपका राहायचा. प्रमेय संपेपर्यंत फळ्यावर पाच-सहा निळे ठिपके. खडू पांढरा आणि ठिपके निळे कसे, हे विचारायची छाती वर्गात कोणाची नव्हती. गणिताच्या तासाला आम्ही कशाचंच कारण विचारत नव्हतो.

मग तो गुरुवार. ट्यूशन बुडवून मी बसस्टँडमागच्या त्या लॉजच्या मागच्या खोलीत शिरतो. कोण्या बंद पडलेल्या क्लबातून आणलेलं भलंमोठं टेबल, हिरव्या कापडाला दोन जागी ठिगळ, वर टांगलेला दिवा. अशा ठिकाणी जाणाऱ्या पोराचं पुढे काय होतं हे तेव्हा गावातल्या प्रत्येक घरात ठाऊक होतं, म्हणूनच मी गेलो होतो. दाराकडे पाठ करून एक माणूस उभा आहे. बाह्या दुमडलेल्या. तो आमची भूमितीची छडी एका काळ्या दांड्यावर फिरवून फिरवून बसवतो आहे, आणि बसवून झाल्यावर टोकाला निळा खडू घासतो आहे. माझ्या डोक्यात वर्षभराचे सगळे ठिपके एकदम जागेवर बसले. तेवढ्यात तुम्ही वळलात.

"तू एथी काहून?"

मी तुम्हाला पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलताना ऐकलं. वर्गात तुम्ही पाठ्यपुस्तकासारखं बोलायचात, पूर्णविरामासकट. मी म्हणालो, "सर, स्टँडवर आलो होतो, पाणी प्यायला."

"मी एथी नाही. तू बी नाही. समजलं?"

"हो, सर."

"सर कोन?"

काउंटरमागे मालक सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "मास्टरसाब, दूसरा कोई तो है नहीं. खेलने दो ना बच्चे को." तुम्ही माझ्याकडे पायापासून वर पाहिलंत, जसं चुकलेल्या गणिताकडे खालच्या ओळीपासून वर पाहायचात. "उभं राहून तं काही येत नसते. घे एखादी."

असे आपले गुरुवार सुरू झाले. वर्गात तुम्ही मला ओळखत नव्हतात, म्हणजे बाकीच्यांना जितकं ओळखायचात तितकंच, आणि त्या खोलीत आपण दोघंही नव्हतोच. तुम्ही फार कमी बोलायचात. "पाय." "कोपर खाली पाडू नको." "श्वास सोड अन् मंग मार." मला साइडचा नाद लागला. पांढरा बॉल काठाला लागून वळतो, भलतीकडून येतो, बघणारा तोंडात बोट घालतो. बघणारे एकटे मालक असले तरी मला पुरायचं. साधा समोरचा बॉल असला तरी मी साइड लावायचो. एक दिवस तुम्ही माझ्या हातातली स्टिक धरली. "मधोमध मारता येते काय तुले?" मी म्हणालो, येते. "मंग मार." मारला. चुकला. दुसरा मारला, तोही चुकला. तुम्ही म्हणालात, "ज्याले मधोमध मारता येत नाही, तो साइड मारते अन् म्हनते, हे माही कला हाये." मालक हसले. मी नाही हसलो. पुढे सदर लिहायला लागलो तेव्हा पहिल्या काही लेखांत मला हे वाक्य ऐकू यायचं. नंतर लोक हसायला लागले आणि ऐकू येईनासं झालं.

घरी काकूंना तुम्ही सांगितलं होतं की गुरुवारी मंगरूळपीरला जातो, दर्ग्यात. आपल्याकडे गुरुवारी तिकडे जाणाऱ्या माणसाला कोणी का म्हणून विचारत नाही, हे तुम्ही नीट हेरलं होतं. परतताना तिथला प्रसाद म्हणून स्टँडवरच्या दुकानातून रेवड्यांची पुडी घ्यायचात. मला एकदाच बजावलं होतं, "काकूनं इचारलं तं तू बी येतेस माह्यासंगं." मला त्याची गंमत वाटायची. गणिताचा मास्तर आणि खोटा पुरावा! त्या पुडीचं तिकडे घरी काय होत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या पुढच्या खोलीतला तो फोटो मला माहीत होता. दोन वेण्यांची लहान मुलगी, फोटोला हार. तापाने गेली होती, आम्ही तुमच्या शाळेत यायच्या कितीतरी आधी. गावाला माहीत होतं आणि गाव त्याबद्दल बोलत नव्हतं, आणि तुम्ही तर नाहीच. काकू धरून चालल्या होत्या की तुम्ही दर गुरुवारी तिच्यासाठी तिथं जाऊन बसता.

तुम्ही गेल्यावर काकूंनी छडी तुमच्या फोटोखाली दोन खिळ्यांवर आडवी टांगली. आणि सर, मग जे झालं ते मी कधीच कुठे लिहिलं नाही, हा माझ्या संयमाचा एकमेव पुरावा समजा. गुरुपौर्णिमेला तुमचे जुने विद्यार्थी येऊ लागले. इंजिनिअर, वकील, एक उपजिल्हाधिकारी. येतात, फोटोला हार घालतात आणि छडीला हात लावून नमस्कार करतात. एका बँक मॅनेजरने तर तिला कपाळ टेकवलं आणि डोळे पुसत म्हणाला, "ह्याच छडीनं आम्हाले घडवलं." काकू चामड्याच्या टिकलीवर हळदीकुंकू वाहतात. मी दाराशी चपला काढतो तेव्हापासून ओठ दातात धरून असतो. मागचा दांडा माझ्याकडे आला होता, लॉज विकला तेव्हा मालकांनी फडक्यात गुंडाळून दिला, "मास्टरसाब का है, तुम रख्खो." त्याला मी अकोल्याहून लाकडाची पुढची काडी करवून घेतली. ती दर पावसाळ्यात वाकते. आता मार्केटजवळ नवीन पूल पार्लर निघालं आहे, तिथली पोरं माझी वाकडी काडी पाहून म्हणतात, काका, कोपऱ्यावरून मारता काय? म्हणून ही कार्बन.

मुद्द्यावर येतो. त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. घर सोडत आहेत, भाचीकडे अमरावतीला जाणार कायमच्या. गुडघे उरले नाहीत, पायऱ्या होत नाहीत. मला वाटलं सामान हलवायला माणसं हवी असतील. म्हणाल्या, "बाबू, गुरुवारी रिकामा हायेस काय? मले एक डाव मंगरूळपीरले ने. ते जिथी बसत होते ते जागा दाखव. तुले माहीत हाये ना." मी म्हणालो, माहीत आहे. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि तिथल्या अंगणातली एखादी सावली डोळ्यापुढे आणायला लागलो. बाजूला एखादा ओटा असेलच. हे सर इथं बसायचे, असं म्हटलं की झालं. काकू बसतील, उठतील, आपण परत येऊ. मला पटकन जुळवता येतं, सर, माझा धंदाच तो आहे.

सोयाबीन निघून गेलेलं होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी फुलावर आलेल्या. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, पिशवीत फुलं आणि घडी घातलेली हिरवी चादर. त्यांनी ती स्वतः काठ शिवून तयार केली होती. सारखा हात फिरवत होत्या तिच्यावरून. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. टिनाच्या शेडखाली, प्लास्टिकच्या खुर्च्या. काकूंनी चहा बशीत ओतला आणि न पिता म्हणाल्या, "तिथल्या कोन्या जुन्या मानसाले तू ओळखतेस काय?"

"कायले काकू?"

"इचारायचं हाये एक. एकच. का मास्तर एथी येऊन रडत होते का." बशी त्यांनी खाली ठेवली. "घरी नाही रडले. पोट्टी गेली तवा बी नाही. मीच रडे, अन् ते आंगनात जाऊन उभे राहत. मले वाटे, या मानसाले काही लागलंच नाही काय. मंग गुरुवार चालू झाले तं म्या म्हनलं, तिथी रडत असतीन. देवापाशी रडते मानूस. म्या म्हनलं, मलेबी न्या, तं म्हने, काही नाही, नुसता बसतो. दोघाईची होती ना ते? एक डाव बी नेलं नाही." आणि मग अगदी व्यवहाराचं बोलल्यासारखं, "तं आता जाऊन इचारून घेतो. मंग मी अमरावतीले जायले मोकळी."

माझा चहा तसाच राहिला. मी जुळवलेल्या ओट्याचं काय करायचं ते मला कळेना. काकू तिथल्या हर एका म्हाताऱ्याला विचारणार, असा मास्तर यायचा का, रडायचा का. आणि प्रत्येकजण खरं सांगणार, की माय, असा कोणी आला नाही. मग उरलेलं आयुष्य त्या भाचीच्या घरी बसून याचा अर्थ लावणार. सर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं हे मला माहीत आहे; अंगणात जाऊन उभे राहिला असता. मी म्हणालो, "काकू, सर मंगरूळपीरले जात नव्हते."

"मंग?"

"स्टँडामागं. लॉजच्या खोलीत. बिलियर्ड खेळायले."

"काय खेळायले?"

"मोठं टेबल राह्यते, हिरवं. त्याच्यावर बॉल. काडीनं ढकलायचे अन् भोकात पाडायचे."

"गोट्या?"

"मोठ्या गोट्या समजा."

त्यांनी बशी परत उचलली. "पैसे लावून?"

"नाही काकू."

"दारू?"

"चहा बी नाही. पाणी प्यायचे."

"बाई?" हे त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की चहावाला गाळणी हातात धरून थांबला.

"तिथं एक म्हातारे मालक होते अन् मी. दुसरं कोणी नाही."

"तू होता." मग एकदम, "अन् रेवड्या?"

"स्टँडावरच्या दुकानातल्या."

"हात धुऊन खाल्ल्या म्या त्या. डोक्याले लावून." आणि लगेच, "ते काडी बी तिथलीच काय, खिळ्यावरची?"

"तीच. पुढची अर्धी."

"म्हनजे म्या इतके वर्षं खेळन्याले हळदीकुंकू लावून राह्यली."

"तुमी एकट्या नाही. उपजिल्हाधिकारी बी तिच्या पाया पडला."

त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, एखाद्या पोरीसारख्या. चहावालाही हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. मला वाटलं झालं, निभावलं. पण हसू थांबलं नाही तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते आता हसू राहिलेलं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. पदराने तोंड पुसलं. आणि मला ज्याची भीती होती तेच विचारलं.

"मंग रडले कुठी?"

तेव्हा मी त्यांना ती संध्याकाळ सांगितली. मी ती कोणालाच सांगितली नव्हती, तुम्हालासुद्धा आठवण करून दिली नव्हती. भुलाबाईचे दिवस होते. लॉजच्या मागच्या गल्लीत पोरी जमल्या होत्या, घरोघरी मातीची भुलाबाई मांडलेली, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी चाललेली, मधूनमधून डब्यातला खाऊ ओळखायचा गलका. खिडकी बंद होती तरी सगळं ऐकू येत होतं. तुमचा नंबर. बॉल भोकाच्या तोंडाशी, मीसुद्धा पाडला असता. तुम्ही वाकलात, नेम धरलात, आणि वाकलेलेच राहिलात. इतका वेळ की मालकांनी सुपारी कातरायची थांबवली. मग न मारताच उभे झालात. मला विचारलंत, "तू अकरावीत ना?" मी म्हणालो, हो सर. त्या दिवशी तुम्ही "सर कोन" म्हणाला नाहीत. पुढे काहीतरी बोललात, आणि स्टिक जमिनीवर उभी धरून तिच्या टोकावर कपाळ टेकवून उभे राहिलात. गल्लीतलं गाणं संपून दुसरं सुरू झालं, ते संपलं. तुम्ही डोकं उचललंत तेव्हा तुमच्या कपाळाच्या मधोमध निळा ठिपका होता. डोळे कसे होते ते मी पाहिलं नाही. मी खिडकीकडे बघत होतो. "सर, कपाळाले लागलं," एवढं मी म्हणालो. तुम्ही रुमालाने पुसलंत, बराच वेळ पुसलंत, नुसतं कपाळच नाही. मग म्हणालात, "खेळ. तुहा नंबर."

काकू खुर्चीतच पुढे सरकल्या. "भुलाबाई होती?" त्यांनी विचारलं.

"हो. मागच्या गल्लीत पोरी गाणे म्हनत होत्या."

"भुलाबाईतच गेली ते. मांडलेली होती घरात. पान्यात शिरवली नाही आमी, तशीच राह्यली कोनाड्यात." बोटाने त्या टेबलावर सांडलेल्या चहाची रेघ ओढत होत्या. "तुले काय म्हनाले, अकरावीत हाये काय म्हनून. मंग पुढं?"

"म्हनाले, आमची असती तं आज अकरावीत असती."

"असं म्हनाले?"

"हो काकू."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, मला धरू न देता. "एक डाव मले म्हनले असते," एवढं बोलल्या, आणि पिशवी काखेत घेऊन गाडीकडे चालू लागल्या. मी मागून विचारलं की आता परत फिरायचं का. "काहून? ते गेले नाही म्हनून मी जाऊ नाही काय? चाल. ऊन चढून राह्यलं."

तिथं त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. चादर दिली, फुलं दिली आणि अंगणात, बायका बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसल्या. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू त्यांच्या बांगड्यांशी खेळत होतं, त्यांनी खेळू दिलं. मी लांब उभा होतो. उभ्या उभ्या मला बाजारातली एक सकाळ आठवली. मी अकरावीतच होतो, काकू मेथीची जुडी निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या होत्या, "तू बी जातेस ना यायच्यासंगं गुरुवारी? माह्याही वाटचं डोकं टेकव बाबू तिथी, मले घर सोडून निंगता येत नाही." आणि मी मान हलवली होती, मोठ्या तत्परतेने. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, रुमाल डोक्यावर घेतला, आत गेलो आणि डोकं टेकवलं. एकदाच. माझ्याकडून काही मागितलं नाही. काकूंना ते सांगितलं नाही; त्या आता स्वतः आल्याच होत्या, उशिरा झालेल्या कामाची पावती कशाला फाडायची. बाहेर आलो तेव्हा त्या लेकराच्या हातात रेवडी देत होत्या.

मंगरूळपीरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पोराला फोन केला. जाड टोकाची सांगितली, मधोमध मारणाऱ्यांची, जराशी लवणारी. तो म्हणाला, "मगर सर, आपका हाथ तो साइडवाला लगता है, बात करनेसेच समझता है." हुशार पोरगा. मी म्हणालो, असू दे, शिकतो आहे. काडी आली आहे. आवाज तुम्हाला आवडणार नाही, लाकडासारखा भरीव नाही, डब्यावर टिचकी मारल्यासारखा आहे. आणि मी अजून सवयीने शेजारी नेम धरतो, त्यामुळे बॉल जिथं बघितलं तिथंच, म्हणजे चुकीच्या जागी, बिनचूक जातो. पार्लरमधली पोरं फार खूश आहेत. समोरचा साधा बॉल दहातून किती पडतात हे विचारू नका.

काकू गेल्या अमरावतीला. छडी पिशवीत घालून नेली, तिथंही टांगली आहे, हळदीकुंकूही चालू आहे. भाचीने फोनवर सांगितलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगतात, मास्तर असं म्हणाले होते. भाचीला वाटतं म्हातारपणामुळे तेच तेच बोलतात.

सर, हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे सांगायला हरकत नाही. त्या संध्याकाळी "अकरावीत ना" असं विचारल्यावर तुम्ही नुसतं "म्हनजे" म्हणाला होता आणि थांबला होता. पुढचं मी घातलं. गाडीत बसेपर्यंत मला स्वतःलाही ते तुमचंच वाटत होतं. ते चुकलं असेल तरी आता खोडता येणार नाही. काकूंचं ते पाठ झालं आहे.